फुगा का फुटतो? दाब, प्रतिबल आणि पातळ होत जाणारी भिंत

मार्गशीर्षात दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यातील तापीकाठच्या सारंगखेड्यात मोठी यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ही यात्रा दूरवर प्रसिद्ध आहे. तथापि जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावांतून आईवडिलांचे बोट धरून यात्रेला जाणाऱ्या मुलांचे लक्ष घोड्यांइतकेच फुगेवाल्याकडेही असते. फुगेवाल्याजवळ दाब मोजण्याचे कोणतेही यंत्र नसते. फुगवताना तो रबराचा रंग कितपत फिका झाला हे पाहतो, बोटाने फुगा दाबून पाहतो आणि वेळीच तोंड बांधतो. त्याचे लक्ष आतल्या हवेकडे नसून बाहेरच्या भिंतीकडे असते, आणि या शास्त्राचे सार नेमके तेच आहे.

'हवा जास्त झाली, दाब वाढला, म्हणून फुगा फुटला' असे आपण सहज म्हणतो. हे विधान अर्धेच खरे आहे. फुगवण्याच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात आतला दाब वाढत नाही, उलट तो उतरत जातो. वाढत असतो तो भिंतीवरचा ताण. दाब आणि ताण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे लक्षात आले की यात्रेतला फुगा, हवामान खात्याचा फुगा, अंतराळ संशोधनासाठी सोडला जाणारा प्रचंड फुगा आणि स्वयंपाकाचा गॅस साठवणारी पोलादी गोल टाकी या सर्वांचे वर्तन एकाच सूत्राने उलगडते.

दोन वाट्यांचा हिशेब

नारळ फोडल्यावर त्याच्या दोन वाट्या होतात. हवा भरलेला गोल मनातल्या मनात तसाच मधोमध कापला आहे, अशी कल्पना करावी. आतली हवा या दोन वाट्यांना एकमेकींपासून दूर ढकलत असते. हे ढकलणारे बल म्हणजे आतला जादा दाब गुणिले कापलेल्या वर्तुळाचे क्षेत्रफळ. दोन वाट्यांना एकत्र धरून ठेवते ती केवळ कडेची भिंत, म्हणजे वर्तुळाचा परीघ गुणिले भिंतीची जाडी एवढ्या क्षेत्रफळाची एक अरुंद कडी. संपूर्ण वर्तुळावरचे बल या चिंचोळ्या कडीला पेलावे लागते.

भिंतीच्या आडव्या छेदाच्या दर एकक क्षेत्रफळावर येणाऱ्या बलाला भौतिकशास्त्राच्या मराठी परिभाषेत 'प्रतिबल' म्हणतात. इंग्रजीतील 'स्ट्रेस' तो हाच. वरील दोन बलांची बरोबरी मांडली की पातळ भिंतीच्या गोलासाठी एक सुटसुटीत सूत्र मिळते: प्रतिबल म्हणजे दाब गुणिले त्रिज्या, भागिले जाडीची दुप्पट. भिंतीची जाडी त्रिज्येच्या दहाव्या भागाहून कमी असेल, तर हे सूत्र व्यवहारात पुरेसे अचूक ठरते.

या सूत्रातून तीन गोष्टी निघतात. दाब वाढला तर प्रतिबल वाढते, हे सर्वांनाच ठाऊक असते. दाब तेवढाच राहिला आणि गोल मोठा झाला, तरीही प्रतिबल वाढते. दाब आणि आकार दोन्ही स्थिर राहिले आणि भिंत पातळ झाली, तरीही प्रतिबल वाढते. दाबमापकाचा काटा यांपैकी फक्त पहिली गोष्ट सांगतो. उरलेल्या दोन त्याला दिसत नाहीत.

गोल आकाराचा एक गुणही येथेच समजतो. गोलाच्या पृष्ठभागावर प्रतिबल सर्व दिशांना सारखे असते. तेवढ्याच त्रिज्येच्या आणि जाडीच्या लांबट नळकांड्यात मात्र परिघाच्या दिशेने येणारे प्रतिबल गोलाच्या दुप्पट असते. म्हणून तेवढाच दाब पेलण्यासाठी गोलाला नळकांड्याच्या निम्मी जाडी पुरते.

रबर कोठून येते?

फुगा फुगतो तेव्हा बाहेरून नवे रबर येत नाही. आहे तेच रबर पसरते. रबराचा एक विशेष असा की, ते ताणले तरी त्याचे एकूण आकारमान जवळजवळ बदलत नाही. पृष्ठभाग वाढला की जाडी त्याच प्रमाणात कमी झालीच पाहिजे. पोळी लाटताना कणकेचा गोळा तेवढाच राहतो, पोळी मोठी होते आणि पातळ होते, तसाच हा व्यवहार आहे.

मूळ लांबीच्या तुलनेत वस्तू किती ताणली गेली, याचे माप म्हणजे 'विकृती', इंग्रजीत 'स्ट्रेन'. फुग्याचा व्यास दुप्पट झाला तर पृष्ठभाग चौपट होतो आणि भिंतीची जाडी एकचतुर्थांश उरते. व्यास तिप्पट झाला तर जाडी नवव्या भागावर येते. व्यास चौपट झाला तर ती सोळावा भाग होते.

प्रतिबलाच्या सूत्रात त्रिज्या वर आणि जाडी खाली आहे. व्यास चौपट झाला की त्रिज्या चौपट होते आणि जाडी सोळावा भाग उरते, म्हणून त्यांचे गुणोत्तर चौसष्टपट वाढते. म्हणजे दाब अगदी जसाच्या तसा राहिला, तरी भिंतीवरचे प्रतिबल चौसष्टपट होते. फुग्याचे सारे रहस्य या आकड्यात आहे.

एक ठोकळ उदाहरण घेऊ. न फुगवलेला गोल फुगा सहा सेंटिमीटर व्यासाचा आणि पाव मिलिमीटर जाडीचा आहे, असे धरू. तो चोवीस सेंटिमीटर व्यासापर्यंत फुगवला तर भिंतीची जाडी सुमारे ०.०१६ मिलिमीटर होते. आपल्या केसाच्या जाडीहूनही ही किती तरी कमी आहे. अशा फुग्यातला जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे तीन टक्के असतो, म्हणजे अगदी किरकोळ. पण सूत्रात आकडे घातले तर भिंतीवरचे प्रतिबल वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ११५ पट निघते. चांगल्या नैसर्गिक रबराची पट्टी याच्या दुपटीच्या आसपास ताण सोसून तुटते. आपल्या फुंकरीचा मवाळ दाब भिंतीपर्यंत पोहोचताना हजारोपटींनी कसा वाढतो, ते येथे दिसते.

गॅसचा फुगा दुसऱ्या दिवशी सकाळी जमिनीवर लोळताना का सापडतो, याचेही उत्तर येथेच आहे. वायू रबरातून हळूहळू झिरपतो. झिरपण्याचे प्रमाण पृष्ठभागाबरोबर वाढते आणि जाडीबरोबर कमी होते. व्यास चौपट झाला की पृष्ठभाग सोळापट आणि जाडी सोळावा भाग, म्हणजे झिरपण्याची वाट ढोबळमानाने २५६ पट मोकळी होते.

पहिली फुंकर जड का जाते?

फुगा फुगवताना सुरुवातीला गाल दुखतात. मग एका क्षणी फुगा जणू 'सुटतो' आणि पुढे तो सहज फुगत जातो. हा अनुभव सर्वांचा आहे, आणि त्यामागे गणित आहे.

सुरुवातीला रबर ताणायला लागले की त्याचा विरोध झपाट्याने वाढतो, म्हणून दाबही वाढतो. पण त्याच वेळी त्रिज्या वाढत असते आणि भिंत पातळ होत असते. मोठा गोल सपाटीकडे झुकतो, त्यामुळे त्याच्या भिंतीतील ताणाचा आतल्या दिशेने येणारा भाग कमी होतो. रबराच्या सर्वांत साध्या गणिती प्रारूपानुसार फुग्याचा व्यास मूळच्या सुमारे १.३८ पट झाला की दाब कमाल पातळीला पोहोचतो. त्यानंतर फुगा मोठा होत जातो आणि दाब घटत जातो.

त्याच प्रारूपाचे पुढचे आकडे बोलके आहेत. व्यास मूळच्या दुप्पट झाला तेव्हा दाब कमाल दाबाच्या सुमारे ७९ टक्के उरतो, पण भिंतीवरचे प्रतिबल कमाल दाबाच्या क्षणी जेवढे होते त्याच्या २.४ पट झालेले असते. व्यास तिप्पट झाला तेव्हा दाब ५४ टक्क्यांवर उतरतो आणि प्रतिबल साडेपाचपट होते. दाब निम्म्यावर आला म्हणून जो निर्धास्त होतो, त्याच्या हातातला फुगा फुटण्याच्या पाचपटींहून अधिक जवळ गेलेला असतो.

खऱ्या रबरात शेवटी आणखी एक टप्पा येतो. रबर म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या. मूळ व्यासाच्या चार-पाचपटींच्या सुमारास या साखळ्या जवळजवळ सरळ होतात आणि पुढे ताणायला नकार देतात. तेव्हा रबर एकदम ताठर होते आणि दाब पुन्हा वाढू लागतो. फुगा हाताला कडक लागतो तो याच वेळी. जाणकार फुगेवाला येथे थांबतो.

दाब उतरण्याचा हा टप्पा घरच्या घरी पाहता येतो. एकसारखे दोन फुगे घ्यावेत. एक थोडाच आणि दुसरा बराच फुगवावा, त्यांची तोंडे चिमटीत धरून एका छोट्या नळीच्या दोन टोकांना बसवावीत आणि चिमटी सोडावी. मोठ्या फुग्यातली हवा लहान फुग्यात जाईल आणि दोघे सारखे होतील, अशी आपली अपेक्षा असते. बहुधा घडते ते उलटेच. लहान फुगा आणखी लहान होतो आणि आपली हवा मोठ्याला देतो, कारण जास्त दाब लहानग्यात असतो.

भिंत सगळीकडे सारखी नसते

आतापर्यंतच्या हिशेबात भिंत सर्वत्र एकाच जाडीची धरली होती. प्रत्यक्षात तशी ती कधीच नसते. फुगा तयार करताना साचा रबराच्या द्रवरूप चिकात बुडवून बाहेर काढतात. चीक ओघळतो, कोठे जाड तर कोठे पातळ बसतो. जेथे भिंत पातळ, तेथे प्रतिबल जास्त, म्हणून ती जागा अधिक ताणली जाते, त्यामुळे ती आणखी पातळ होते आणि तेथले प्रतिबल आणखी वाढते. दुबळी जागा अशी स्वतःहून अधिकाधिक दुबळी होत जाते. पुरी लाटताना एखादी कड पातळ राहिली, तर टम्म फुगताना वाफ नेमकी तेथूनच फुटते. स्वयंपाकघरातला हा अनुभव त्याच जातीचा आहे.

उलट बाजूने पाहिले तर फुग्याच्या तोंडाच्या बरोबर समोर, टोकाला, गडद रंगाचा एक ठिपका राहतो. तेथील रबर जाड आणि कमी ताणलेले असते. तेल लावलेली बारीक सुई त्या ठिपक्यातून हलक्या हाताने आत घातली तर फुगा सहसा फुटत नाही. तीच सुई पोटाच्या बाजूला टोचली की क्षणात स्फोट होतो. दाब दोन्ही ठिकाणी तोच आहे. फरक आहे तो भिंतीच्या प्रतिबलाचा.

फुटण्याच्या पद्धतीवरही प्रतिबलाचाच अंमल असतो. २०१५ मध्ये पॅरिसमधील सेबास्तियाँ मूलिने आणि मोख्तार अद्दा-बेदिया या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी फुगे फुटताना टिपले. कमी ताणलेला फुगा टोचला तर एकच चीर धावते आणि त्याचे दोन मोठे तुकडे होतात. खूप ताणलेल्या फुग्यात एका बिंदूतून अनेक चिरा फुटतात आणि फुग्याच्या चिंध्या उडतात, असे त्यांना आढळले. भिंतीत साठलेली ऊर्जा एका चिरेला पेलवत नाही, म्हणून ती अनेक वाटा शोधते.

हवामान खात्याचा फुगा

पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' ही इमारत सर्वांना परिचित आहे. भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून येथे आले, त्यावरून हे नाव पडले. या खात्याच्या मुंबई, नागपूर यांसारख्या केंद्रांवरून रबरी फुगे आकाशात सोडले जातात. जगभरातील केंद्रे ठरलेल्या एकाच वेळी ही निरीक्षणे घेतात. भारतीय वेळेनुसार ती पहाटे आणि सायंकाळी साडेपाचची निरीक्षणे होत. फुग्याखाली लटकणारे छोटे यंत्र तापमान, आर्द्रता व दाब यांची नोंद रेडिओ लहरींनी खाली पाठवते आणि त्याच्या सरकण्यावरून वाऱ्याचा वेग व दिशा कळते.

हा फुगा सोडताना मुद्दाम अर्धवट भरलेला असतो. त्याचा व्यास तेव्हा दीड ते दोन मीटर असतो. वर जाताना बाहेरचा दाब घटतो. तीस किलोमीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दाबाच्या सुमारे सव्वा टक्का उरतो. थंडीमुळे होणारे आकुंचन जमेस धरूनही आतल्या वायूचे आकारमान साठपटीच्या घरात जाते, म्हणजे व्यास सुमारे चौपट होतो. भिंत सोळावा भाग उरते, आणि वर काढलेला चौसष्टचा आकडा येथे पुन्हा भेटतो. फुगा फुटतो आणि यंत्र हवाई छत्रीने खाली येते.

म्हणजे हा फुगा फुटणारच असतो. तो किती उंचीवर फुटावा, एवढाच प्रश्न असतो. भारतीय द्वीपकल्पावर सोळा-सतरा किलोमीटर उंचीवर तापमान उणे ऐंशी अंश सेल्सियसच्या आसपास जाते. अशा गारठ्यात साधे रबर ठिसूळ होते, म्हणून या फुग्यांसाठी खास प्रक्रिया केलेले रबर लागते. पावसाळ्यात भारतीय द्वीपकल्पावर चौदा ते सोळा किलोमीटर उंचीवरून पूर्वेकडून वेगवान वाऱ्याचा झोत वाहतो आणि मोसमी पावसाशी त्याचा निकटचा संबंध आहे. भिंतीतील एखाद्या पातळ जागेमुळे फुगा बारा किलोमीटरवरच फुटला, तर त्या दिवशी त्या ठिकाणची ही माहिती हाती येत नाही. गावोगावचा शेतकरी ज्या अंदाजाकडे डोळे लावून बसतो, त्याचा एक धागा असा रबराच्या शतांश मिलिमीटर जाडीच्या पडद्याला बांधलेला असतो.

न ताणणारा फुगा

अधिक वजन अधिक काळ उंचावर ठेवायचे तर रबर अपुरे पडते. डॉ. होमी भाभा यांच्या प्रेरणेने टाटा मूलभूत संशोधन संस्थेत विश्वकिरणांचा अभ्यास सुरू झाला, तेव्हा आरंभी अनेक रबरी फुगे एकत्र बांधून उपकरणे वर पाठवली जात. पुढे संस्थेने पॉलिथिनच्या पातळ पडद्याचे फुगे हाती घेतले. ते आजही संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रावरून सोडले जातात.

२० एप्रिल २००५ रोजी या केंद्रावरून गेलेला फुगा महाराष्ट्राला विशेष जवळचा आहे. पुण्याच्या 'आयुका'चे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर हे त्या प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते. वातावरणाच्या वरच्या थरांत सूक्ष्मजीव आहेत काय, हा प्रश्न होता. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरून हवेचे नमुने आणले गेले. हैदराबादच्या 'सीसीएमबी' आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात त्यांची तपासणी झाली. त्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे 'इस्रो'ने मार्च २००९ मध्ये जाहीर केले. फ्रेड हॉइल, इस्रो आणि आर्यभट यांची नावे त्यांना देण्यात आली.

त्या फुग्याची क्षमता २ कोटी ६७ लाख घनफूट होती. तेवढ्या आकारमानाचा अचूक गोल कल्पिला तर त्याचा व्यास ११३ मीटर भरेल. अशा फुग्यांचा पडदा मात्र मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढा पातळ असतो. आता आपले सूत्र लावून पाहू. आत केवळ एक सेंटिमीटर उंचीच्या पाण्याएवढा, म्हणजे वातावरणाच्या हजाराव्या भागाएवढा जादा दाब साचला, तरी एवढ्या मोठ्या गोलाच्या भिंतीवर वातावरणाच्या सुमारे चौदाशेपट प्रतिबल येईल. पॉलिथिन साधारण दोनशे ते तीनशेपटींवरच हार मानते. त्रिज्या मोठी झाली की दाबाचे फूलही भिंतीला पहाडासारखे वाटते.

यावरचा उपाय साधा आणि सुंदर आहे. हे फुगे खालच्या बाजूने उघडे ठेवतात. फुगा पूर्ण भरला की जास्तीचा वायू खालच्या वाटेने निघून जातो आणि आत दाब साचतच नाही. माथ्याशी उरतो तो केवळ काही पास्कलचा फरक, म्हणजे वातावरणाच्या काही लाखांशांएवढा. शिवाय उपकरणांचा भार पडद्यावर न टाकता उभ्या शिवणींवरील मजबूत पट्ट्यांवर घेतात. रबरी फुगा ताण सोसत सोसत शेवटी फुटतो. हा फुगा ताण येऊच देत नाही.

या केंद्रावरून उड्डाणे व्हायची असली की वृत्तपत्रांतून एक सूचना प्रसिद्ध होते. उपकरणे हवाई छत्रीने हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरवर, साधारणपणे विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या रेषेच्या आसपास उतरू शकतात. ती सापडल्यास उघडू वा हलवू नयेत आणि जवळच्या पोलीस ठाण्यास कळवावे, असे तिच्यात सांगितलेले असते. सोलापूर परिसरातील वाचकांनी हे ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरेल.

पोलादी गोल

तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या आवारात पायांवर उभ्या असलेल्या प्रचंड गोल टाक्या अनेकांनी पाहिल्या असतील. त्यांना 'हॉर्टन गोल' म्हणतात. हॉर्टन यांच्या शिकागो ब्रिज अँड आयर्न कंपनीने असा पहिला गोल १९२३ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधील पोर्ट आर्थर येथे बांधला. द्रवरूप पेट्रोलियम वायू दाबाखाली साठवण्यासाठी गोलाइतका किफायतशीर आकार नाही.

नमुन्यादाखल १५ मीटर व्यासाचा गोल घेऊ. आतला दाब वातावरणाच्या पंधरापट आणि पोलादावर येऊ द्यावयाचे प्रतिबल वातावरणाच्या पंधराशेपट धरले, तर सूत्रानुसार भिंतीची जाडी ३७.५ मिलिमीटर लागते. नळकांडे बांधले असते तर ७५ मिलिमीटर लागली असती. पोलाद रबरासारखे फुगत नाही, म्हणून नित्याच्या वापरात येथे त्रिज्या स्थिर असते. भिंत मात्र येथेही पातळ होऊ शकते, आणि तिचे कारण असते गंज. चाळीस मिलिमीटरच्या भिंतीतून चार मिलिमीटर धातू गंजून गेला, तर दाब तोच असूनही प्रतिबल अकरा टक्क्यांनी वाढते. दाबमापकाचा काटा तसूभरही हलत नाही.

म्हणूनच अशा टाक्यांची जाडी ध्वनितरंगांच्या साह्याने बाहेरून मोजतात आणि ठरावीक मुदतीने टाकीत पाणी भरून दाबाची चाचणी घेतात. चाचणीला हवा न घेता पाणी घेण्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. पाणी दाबाने जवळजवळ आकसत नाही, म्हणून त्यात ऊर्जा साठत नाही. चाचणीत टाकी तडकलीच तर पाणी गळेल, स्फोट होणार नाही. देशात दाबपात्रांच्या या सुरक्षिततेचे नियमन करणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय महाराष्ट्रातच, नागपूर येथे आहे. स्थिर व फिरत्या दाबपात्रांसंबंधीचे २०१६ चे नियम तिच्यामार्फत राबवले जातात.

केवळ दाबाकडे पाहण्याची किंमत जगाने मोजली आहे. ४ जानेवारी १९६६ रोजी फ्रान्समधील फेझँ येथे गळतीतून पेटलेल्या आगीत प्रोपेनचा एक गोल सापडला. त्याची सुरक्षा-झडप उघडली होती, म्हणजे दाब मर्यादेत ठेवणारी यंत्रणा आपले काम करीत होती. पण द्रवाच्या पातळीवरच्या भिंतीला आतून थंडावा देणारे काही नव्हते. सहाशे अंशांच्या पुढे तापलेल्या पोलादाची ताकद निम्म्याहूनही खाली येते. अशी भिंत फुग्यासारखी बाहेर येते, पातळ होते आणि नेहमीच्याच दाबाखाली फाटते. त्या दुर्घटनेत १८ जण मृत्युमुखी पडले. १९ नोव्हेंबर १९८४ रोजी मेक्सिको सिटीजवळ सान हुआनिको येथे वायूच्या टाक्यांच्या स्फोटमालिकेत सुमारे पाचशे माणसे गेली. आपल्याकडे १४ सप्टेंबर १९९७ रोजी विशाखापट्टणमच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात गळती आणि आगीने वायूच्या गोलांना वेढले आणि पन्नासहून अधिक जीव गेले.

सुरक्षा-झडप दाबाची काळजी घेते, भिंतीची नाही, हा यातला धडा आहे. म्हणूनच आता गोलांवर पाण्याचे फवारे बसवणे अनिवार्य मानले जाते आणि नव्या साठवणुकीसाठी मातीने झाकलेल्या टाक्यांचा मार्ग मोठ्या प्रमाणावर स्वीकारला जातो. आगीची झळ भिंतीपर्यंत पोहोचूच नये, हा त्यामागचा विचार आहे.

शरीरातला फुगा

हेच सूत्र आपल्या शरीरातही लागू पडते. मेंदूतील धमनीची भिंत एखाद्या जागी दुबळी झाली की तेथे लहानसा गोल फुगवटा येतो. त्याला धमनीविस्फार म्हणतात. रक्तदाब पूर्वीएवढाच राहिला, तरी फुगवटा वाढेल तशी त्रिज्या वाढते, भिंत पातळ होते आणि तिच्यावरचे प्रतिबल चढते. जिवंत भिंत स्वतःची डागडुजी करीत असल्यामुळे येथला हिशेब रबराइतका सरळ नसतो. तथापि अशा फुगवट्याचा आकार आणि तो किती वेगाने वाढतो आहे, याला डॉक्टर एवढे महत्त्व का देतात, ते यावरून कळते. नियंत्रणात असलेला रक्तदाब ही निश्चितच चांगली गोष्ट आहे, पण तेवढ्यावरून भिंतीची प्रकृती कळत नाही.

काट्यापलीकडे

दाब मोजणे सोपे असते. एक काटा असतो, तो वाचला की झाले. प्रतिबल मात्र कोणत्याही काट्यावर दिसत नाही. ते दाब, आकार आणि जाडी या तिन्हींच्या हिशेबातून काढावे लागते, आणि भिंतीच्या सर्वांत पातळ जागेसाठी काढावे लागते. रबराच्या फुग्यात ही जागा रंगावरून ओळखता येते, पोलादाच्या गोलात ती शोधावी लागते.

यात्रेत फुगा विकत घेताना मुलाने 'अजून मोठा फुगव' असा हट्ट धरला, तर फुगेवाला मान हलवतो आणि फुग्याला गाठ मारतो. सूत्र त्याने कधी वाचलेले नसते. पण बोटांना लागलेला कडकपणा आणि डोळ्यांना दिसलेला फिका रंग यांवरून भिंत किती उरली आहे, हे त्याने जोखलेले असते. मोठमोठ्या टाक्यांच्या निरीक्षकांकडून अपेक्षा असते, ती याच सावधपणाची.